जाताना नऊ, येताना एकतीस

“मला विमानात बसवायचंय का लग्नाला उभं करायचंय?”

आप्पा हे स्वतःशीच पुटपुटले. पण मी त्यांच्या कानामागचे केस कापत होते आणि माझं नाक त्यांच्या कानापासून वीतभर लांब होतं, तेव्हा ऐकू आलं नाही असं सांगायचीही सोय नव्हती.

“मान हलवू नका.”

“मान नाही हलली. कान हलला.”

“मग कान हलवू नका. समोरच्या फोटोवाल्याने बजावलंय, दोन्ही कान स्वच्छ दिसले पाहिजेत. नियमच आहे.”

“कान बघून ठरवणार का, या म्हाताऱ्याला देशात घ्यायचं की नाही ते?”

“दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूस आहे का, ते बघत असतील. तुमचं तिथेच अडेल.”

आप्पा हसले. ते हसले की खांदे हलतात, खांद्यांबरोबर गळ्याभोवतीची जुनी चादर हलते, आणि कात्री धरणाऱ्याची तारांबळ उडते.

जेवणाच्या सुट्टीसाठी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. भिंतींवरची घड्याळं टिकटिकत होती. वरच्या खोलीत माझा दादा भर दुपारी ढाराढूर झोपला होता. येऊन आठवडा होत आला तरी तिकडची रात्र त्याच्या अंगातून उतरली नव्हती. परवा तो परत जाणार होता. त्याआधी त्याला आप्पांकडून तीन गोष्टी हव्या होत्या. कान दिसणारा फोटो, कागदांवर सही आणि तोंडातून एक ‘हो’. आप्पांनी कायमचं त्याच्याकडे राहायला जावं, असं त्याच्या मनात होतं. फोटो आणि सही काय, मिळून जातात. पण ‘हो’ काही आप्पांनी दिला नव्हता. आणि ‘नाही’ही म्हणत नव्हते. रोज नुसता प्रवासाचा हिशोब चालू होता.

“नऊ तास म्हणजे काही फार नाही,” चादरीतून हात बाहेर काढून ते म्हणाले. “बसेन मी. इथे स्टुलावर तेवढाच वेळ बसायचो की. पण येताना एकतीस! या गुडघ्यांना नाही झेपायचं. म्हणजे गेलो की गेलो. तेव्हा विचार करायला पाहिजे.”

“करा ना. कोण नाही म्हणतंय?”

“तू काहीच म्हणत नाहीस.”

“मी केस कापतेय.”

जाताना नऊ, येताना एकतीस. हे आमच्या घरचं अंतर. बाकीच्या जगात जायचा रस्ता आणि यायचा रस्ता सारखाच लांब असतो. आमच्याकडे तसं नाही, आणि हे ठरवलं कुणी, तर अख्ख्या गावातल्या सगळ्यात बिनचूक माणसाने.

आप्पा घड्याळजी. त्यांच्या दुकानाचा एकच नियम होता, की इथलं प्रत्येक घड्याळ एकच वेळ दाखवेल. विकायला मांडलेलं असो, दुरुस्तीला आलेलं असो, नाहीतर दुरुस्त होऊन मालकाची वाट बघत धूळ खाणारं असो. सकाळी शटर वर गेलं की पहिली फेरी भिंतींवरून. हा काटा जरा पुढे, तो जरा मागे, मग चहा. “ज्या दुकानात दोन घड्याळं दोन वेळा सांगतात,” ते म्हणायचे, “तिथे शहाण्याने तिसरं घड्याळ द्यायला जाऊ नये.” कामावर जाणारी माणसं काचेशी थबकून आपली मनगटं जुळवून घ्यायची. समोरचा दातांचा डॉक्टर तर खिडकीतूनच हात करायचा, आणि आप्पा बोटांनी त्याला वेळ सांगायचे. शाळेशी माझं फारसं कधी जमलं नाही. मी या फेऱ्यांमध्ये वाढले, आणि दहावीनंतर शाळेला रामराम ठोकून आप्पांच्या शेजारच्या स्टुलावर बसले ती आजतागायत.

माणसांना ते घड्याळाच्या भागांची नावं द्यायचे. माझा पाय घरात ठरत नसे म्हणून मी सेकंद. दादा लंबक, कारण त्याच्या लांब तंगड्या स्टुलावरून लोंबकळत, आणि कुठल्याही गोष्टीत त्याचं एका बाजूला म्हणून ठरत नसे. माझ्या मुलीने जन्मल्या रात्रीच गल्ली जागी केली, तेव्हा ती गजर झाली. आता ती कॉलेजात जाते, पण नाव सुटलं नाही आणि गुणही सुटला नाही. नको त्या वेळी खणखणीत वाजते. आईला मात्र आप्पांनी कुठलंच नाव दिलं नव्हतं. ती म्हणायची, “मला काय नाव द्याल? मी म्हणजे घड्याळ पुसायचं फडकं.” असं म्हणून खरोखरच फडकं घेऊन काचा पुसायला लागायची, आणि आप्पा म्हणायचे, “अगं, काट्याला धक्का लावशील.” हेच त्यांचं लाडाचं बोलणं.

दादाला नोकरी लागली ती जगाच्या पार दुसऱ्या टोकाला. बातमी आल्यापासून आई एकच ताटली तीन-तीनदा पुसत होती. मग एक दिवस तिकीट आलं. तेव्हा तिकीट म्हणजे कागद असायचा, पातळ, करकरीत, मागे निळी शाई लागलेला. आप्पांनी तो दिव्याखाली धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि एखाद्या बारक्या घड्याळाचं पोट तपासावं तसा तपासला.

“रात्री एकला निघणार,” ते म्हणाले, “आणि सकाळी दहाला पोचणार. तारीख तीच. म्हणजे नऊ तास. मधे एक विमान बदलायचं, तेही त्यातच आलं.”

“आप्पा, ती तिथली वेळ आहे,” दादा म्हणाला. “तिथे घड्याळं मागे असतात.”

“मागे असतात म्हणजे मागे पडलेली असतात. दुरुस्त करायची.”

“अहो, तसं नाही...”

“वेळ एकच असते रे. बाकीची घड्याळं चुकलेली असतात. इतकी वर्षं या दुकानात काय उंदीर पाळलेस?”

दादा पुढे बोलणार होता. तेवढ्यात हातातली ताटली ठेवून आईने विचारलं, “नऊच?”

“नऊच. रात्री झोपला की सकाळी तिथे. इथून तुझ्या माहेरी जायला बस चुकली तर याहून जास्त लागतात.”

आईच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा रंग आला. तो मी पाहिला, आणि दादानेही पाहिला. त्याने उघडलेलं तोंड मिटलं. माझ्या डोळ्यांसमोर मिटलं ते, एखादी डबी बंद व्हावी तसं. पुढे आमच्या घरी हे तोंड मिटणं वंशपरंपरेने चालावं तसं चालत राहिलं.

दादा निघाला त्या रात्री आम्ही विमानतळावरून परत आलो तर आई झोपायलाच तयार नाही. खुर्चीत बसून ती मनाने विमान चालवत होती. “आता समुद्रावर असेल.” “आता झोपला असेल, दार हळू लावा.” मी स्वयंपाकघरात डबा आपटला तर केवढी खेकसली, “झोपमोड होईल ना त्याची!” सकाळी दहाच्या ठोक्याला, म्हणजे भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांच्या ठोक्याला, ती उठली, चहा ठेवला आणि म्हणाली, “पोचला.”

पोचला तर फोन यायला हवा. आला नाही. दुपार गेली, आई फोनशेजारी बसून. संध्याकाळ गेली. आप्पा पाच-पाच मिनिटांनी वर येऊन काहीतरी शोधल्यासारखं करत होते. पार रात्री फोन वाजला. दादा दमलेल्या आवाजात म्हणाला, “आत्ताच उतरलो.”

“सकाळपासून कुठे होतास?” आई ओरडली.

मग आप्पांनीच फोन हातात घेतला, ऐकलं, ठेवला आणि आईला सांगितलं, “रांग होती.”

“एवढा वेळ रांग?”

“मोठं विमानतळ आहे. सामान तपासतात, कागद तपासतात.”

आईला ते पटलं. इतकं पटलं, की त्या देशातल्या लोकांची तिला कायमची कीव यायला लागली. टीव्हीवर तिथला कुणी मंत्री दिसला, तरी म्हणायची, “सुटातबुटात फिरतात बिचारे, पण घरी जायचं तर दिवसभर रांगेत.” पुढे दादा कधीही निघाला की ती त्याच्या पिशवीत उकडलेली अंडी घालायची. विमानासाठी नव्हे, रांगेसाठी.

दोन वर्षांनी तो सुट्टीवर यायचा होता. तिकिटाच्या वेळा त्याने फोनवर सांगितल्या, आप्पांनी लिहून घेतल्या, वजाबाकी केली आणि बराच वेळ कागदाकडे बघत बसले. सकाळी दहाला तिथून निघणार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला इथे.

“एकतीस,” ते म्हणाले.

“अगंबाई! जाताना नऊ आणि येताना एकतीस?”

दुसरा कुणी असता तर इथे तरी शहाणा झाला असता. पण आप्पांनी वेळ एकच असते हे इतक्या जणांना ऐकवलं होतं, की आता माघार घ्यायला वाटच नव्हती. ते खाली गेले. दुपारभर दुकानात बसले. वर आले ते उत्तर घेऊनच. हातात दातेरी चाक होतं.

“हे बघ. पृथ्वी फिरते का नाही? अशी. आता विमान इकडून तिकडे निघालं, तर पृथ्वी त्याचं गाव पुढे पुढे आणून देते. आयतं. पण तो तिकडून इकडे निघाला, तर आपलं गाव पुढे पुढे सरकत जातं. विमानाला त्याच्या मागे पळावं लागतं.”

आई चाकाकडे बघत राहिली. “म्हणजे आपलं गाव त्याच्यापासून पळतं?”

“गाव नाही गं पळत. पृथ्वी पळते.”

“एकच झालं,” आई म्हणाली, आणि वाटाणे सोलायला लागली.

दादाने हे फोनवर ऐकलं तेव्हा आधी तो पोट धरून हसला, आणि मग हळूहळू त्याने ते वापरायला घेतलं. हे मी त्याला दोष द्यायला म्हणत नाही. हाताशी असलेली वस्तू माणूस वापरतोच. आई विचारायची, “कधी येतोस?” तो म्हणायचा, “आई, एकतीस तास गं. सुट्टी मिळते आठवड्याची. त्यात येऊ कसा?” की आईच उलट त्याची समजूत घालायची. “नको रे बाबा. एवढं बसून बसून पाय सुजतील. सावकाश ये.” शेजारणींना मात्र जातानाचं सांगायची. “लांब कसलं? नऊ तासांवर तर आहे.” मुलगा किती जवळ आहे हे सांगायला नऊ, आणि तो का येत नाही हे सांगायला एकतीस. दोन्हीकडून तिची सोय होती.

मला कधी कळलं म्हणाल, तर कळायला काय लागतं? नऊ आणि एकतीस मिळवा आणि अर्धं करा. वीस. जाताना वीस, येताना वीस. आप्पांनाही हे कळलं नसेल का? ते मी कधी विचारलं नाही. एकदा मी त्यांच्याशी बोलायला म्हणून तोंड उघडलं होतं, तर नेमकी आई लोकरीचा गुंडा करत कुणाला तरी सांगत होती, “नऊच तास हो.” मिटलं.

लंबकाचं घड्याळ कलत्या कपाटावर ठेवलं तर चालत नाही. चार-दोन झोके घेतं आणि थांबतं. मग त्याच्या एका बाजूला कागदाची घडी सारतात. घडी बसली की ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं, आणि मग घरातल्या सगळ्यांना माहीत असतं की पुसताना त्या कागदाला हात लावायचा नाही. आमच्या घराखाली ती घडी होती.

आई गेली ती अचानक. पहाटे उठली, पाणी प्यायली, पलंगाच्या कडेला बसली आणि आप्पांना म्हणाली, “जरा बरं वाटत नाहीये.” दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी दादाला फोन लावला. तिकडे रात्र नव्हती, तो जागा होता, हे मला आठवतं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “कधी... म्हणजे कधीपर्यंत...”

दवाखान्यातले म्हणाले होते, उद्यापर्यंत ठेवता येईल, थंड खोली आहे. मी तेच सांगणार होते. पण आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांचा हात तेव्हाही स्थिर होता, कामाचा हात.

“उद्या दुपारी,” ते म्हणाले. “तू धावपळ करू नकोस. येताना एकतीस तास लागतात. तू पोचणार नाहीस.”

मग दादाचा आवाज आला, “बरं आप्पा.”

त्या दुपारी आईला निरोप देताना दाराशी येणारा प्रत्येक जण विचारत होता, मुलगा नाही आला? आणि आप्पा प्रत्येकाला सांगत होते, “एकतीस तास लागतात येताना. कसा पोचेल?” मीही सांगत होते. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आकड्यापुढे माणसं गप्प बसतात. महिन्याभराने दादा आला, आईच्या खुर्चीकडे न बघता चार दिवस राहिला आणि गेला. त्या दिवसाबद्दल आमच्यापैकी कुणीही कधी चकार शब्द काढला नाही. फोनवर हवा, तब्येत, दुकान. आधी जो आकडा आईला गोड वाटावा म्हणून होता, तो आता आम्हा तिघांना एकमेकांच्या तोंडाकडे बघता यावं म्हणून होता.

तर, कान.

कान दिसले. फोटोवाल्याने आप्पांना पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं, “हसू नका, काका” म्हणाला, आणि आप्पांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणाची सूचना मुकाट्याने पाळली. फोटोत ते उधारी मागायला आल्यासारखे दिसतात. आम्ही परत आलो तेव्हा दादा उठून वरच्या टेबलाशी चहा घेत होता. केस उभे, गालावर उशीची घडी. एवढा पन्नाशीचा गृहस्थ, पण उशीची घडी तीच, शाळेतली. त्याने फोटो हातात घेतला.

“मस्त. फरार माणूस वाटताय.”

“तुझ्याकडे येण्याआधीच धरतील,” आप्पा म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. आईच्या नव्हे, शेजारच्या. आईच्या खुर्चीवर अजूनही आम्ही वर्तमानपत्रं ठेवतो.

गजर कॉलेजातून आली होती, अंडं सोलत फोनमध्ये डोकं घालून बसली होती. दादाने सहीचे कागद पुढे केले आणि त्यावर हात ठेवला.

“आप्पा, मला आज सांगा. तिथे खोली तयार आहे तुमची. खाली टेबल मांडून ठेवलंय, दिवा लावलाय. वाटलं तर घड्याळं उघडून बसा. दवाखाना जवळ आहे. मी आहे. यावेळी तरी मी... मी तुमच्याजवळ असायला पाहिजे. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विचारणार नाही.”

त्याला हे बोलायला किती जड गेलं, ते मला दिसत होतं. आणि मी? खरं सांगायचं तर मी चहाच्या कपाची कड पुसत होते, आई पुसायची तशी. आप्पा गेले तर खालच्या स्टुलावर मी एकटी. नवरा माझा भला माणूस, पण त्याला काटा आणि किल्ली यातला फरक कळत नाही. आप्पा राहिले, तर दादाने पुन्हा एकदा रिकाम्या हाताने विमानात बसायचं. कुणाच्या बाजूने बोलायचं? मी कपच पुसला.

“नऊ तास मी बसेन,” आप्पांनी पुन्हा सुरू केलं. “प्रश्न येतानाचा आहे...”

“मामा, तुझ्या गावाचं विमानतळ हेच ना?” गजर म्हणाली. “थांबा, आजोबा. यात दोन विमानतळांची नावं घातली की अंतर येतं. रोज नुसतं लांब लांब ऐकतेय, किती लांब ते तरी बघू.”

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. “अंडं खा आधी.”

“खातेय ना. आई, लागतंय. हं, आलं. सरळ रेषेत तेरा हजार किलोमीटरच्या वर. बाप रे! उडायला सोळा तास.”

“सोळा?” आप्पा म्हणाले.

“ते सरळ उडालं तर. पण तसं विमानच नाहीये, आजोबा. हे नुसतं गणित. खरं विमान मधे उतरतं, बदलायचं असतं, म्हणून वीस. जाताना वीस आणि येताना पण वीसच. थोडं वाऱ्याने इकडेतिकडे. ते नऊ आणि एकतीस म्हणजे घड्याळातला फरक धरलाच नाही तुम्ही. मला वाटायचं तुम्ही गंमत करता!”

गजराला एकदा चावी दिली की ती संपेपर्यंत तो वाजतो. ती हसत होती. मग तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि हातातलं अंडं हळूच बशीत ठेवलं. आजी गेली तेव्हा ती लहान होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं आमच्याकडे काही आहे हे तर आम्ही स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

दादाचा हात कागदांवरच होता. तो त्या हाताकडे बघत होता.

“पुन्हा वाच,” आप्पा म्हणाले.

“जाऊ दे ना आजोबा...”

“वाच बाळा.”

तिने वाचलं. आवाज एवढासा झाला होता. आप्पा ऐकत होते, आणि टेबलावर त्यांचा अंगठा एकेका बोटाला लागत होता, पूर्वी डॉक्टरला खिडकीतून वेळ सांगायचे तसा नव्हे, हळू, कांडी चाचपडत. नऊ आणि एकतीस. अर्धं. ते उत्तरापाशी पोचले हे मला कळलं, कारण अंगठा थांबला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “घड्याळजीची चूक. कुणाला सांगू नका, दुकान बसेल.”

मला वाटलं, संपलं, आता कागद बाजूला सारतील, आणि दादाचं तोंड पुन्हा एकदा डबीसारखं मिटेल, या वेळी बहुतेक कायमचं. पण आप्पांनी मान वर केली. आणि जो माणूस आयुष्यात कधी एका सेकंदाचा खोटेपणा घड्याळात ठेवत नव्हता, तो आपल्या मुलाकडे बघत, अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाला,

“पण हे आत्ताचं झालं. आता विमानं सुधारली. तुझी आई गेली तेव्हा हळू होती विमानं. बरेच तास लागायचे तेव्हा. हो ना रे?”

नवी घडी. जुनी निसटली तर लगेच दुसरी करून ते स्वतःच्या हाताने सारत होते. गजरने तोंड उघडलं, आणि मी तिच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. दादाने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. आम्ही सगळ्यांनी ते मानलं असतं. मी तर त्याच्या वतीने मनात म्हणूनही टाकलं होतं.

खाली दुकानात कुणीतरी अर्ध्या शटरवर टकटक केली, थांबलं, आणि निघून गेलं.

दादाने कागदांवरचा हात उचलला. तो आप्पांच्या हातावर ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येईना. मधेच, टेबलावर राहिला.

“नाही आप्पा,” तो म्हणाला. “तेव्हाही वीसच लागायचे. तुम्ही एकतीस म्हणालात आणि मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि तरी विमानतळावर गेलो. जागा होती विमानात. तिकिटाच्या खिडकीशी उभा राहिलो, माझ्या मागच्या दोघांना पुढे जाऊ दिलं, आणि घरी परत गेलो. मी पोचलो असतो, आप्पा. मी निघालोच नाही.”